कोपनहेगनची दुसरी खेप: दोघं, तीन रात्री, नोव्हेंबर

शमी
मुक्काम तीन आठवडे हॅम्बुर्गला मुलीकडे. त्यातून दोघंच तीन रात्री कोपनहेगनला जायचं आहे. २०१५ साली न्यूहाउन, जलपरी, रोझनबोर्ग, तिवोली आणि फिरता बाजार असं सगळं झालेलं आहे, ते परत नको. सध्याचा बेत असा: नोव्हेंबरचा पहिला आठवडा, शुक्रवारी दुपारी पोचणे, सोमवारी संध्याकाळी परत. वय पंचावन्नच्या पुढे, चालायला हरकत नाही, एक जण पूर्ण शाकाहारी (अंडं चालतं). प्रश्न:
१. तीन रात्रींत एक दिवस माल्मो (पुलापलीकडचं स्वीडिश शहर) करावं का? व्हिसा जर्मनीचा, एकदाच प्रवेशाचा आहे.
२. प्रवासाचा पास घ्यावा की ते प्रवेशवालं कोपनहेगन कार्ड?
३. गेल्या खेपेची १,००० क्रोनरची एक नोट उरली आहे. चालेल ना?
४. गेल्या वेळी हॅम्बुर्गहून येताना रेल्वेच बोटीत चढली होती. तीच गाडी कुठे बुक करायची?

घाटावरचा
उलट्या क्रमाने. ४: ती गाडी आता नाही. पुटगार्डन–र्‍योडबी बोटीवरून रेल्वे नेणं डिसेंबर २०१९ मध्ये बंद झालं. त्याच जागी समुद्राखालून १८ किमीचा बोगदा बांधत आहेत, तो होईपर्यंत गाड्या वळसा घालून फ्लेन्सबुर्ग, पाडबोर्ग, कोल्डिंग, ओडेन्से अशा जातात. पाच तासांच्या आसपास धरा. बोटच हवी असेल तर काही बस अजून त्या फेरीनेच जातात, ४५ मिनिटांची.
३: नाही चालणार. १,००० ची नोट डेन्मार्कने रद्दच केली. ती आणि २००९ च्या मालिकेआधीच्या सगळ्या नोटा ३१ मे २०२५ पर्यंतच वैध होत्या. ५०, १००, २०० आणि ५०० च्या पुलांच्या चित्रांच्या नोटा असतील तर त्या चालतात.

चहाबाज
म्हणजे साधारण तेरा हजार रुपयांचा बुकमार्क. शमीताई, कोणतं पुस्तक वाचताय?

स्कोनेकर
१ चं उत्तर. व्हिसाला अडचण नाही. स्वीडन शेंगेनमध्येच (एका व्हिसावर चालणारा युरोपीय देशांचा गट) आहे, त्यामुळे हॅम्बुर्ग–कोपनहेगन–माल्मो–परत या सगळ्यात शेंगेनच्या बाहेर पाऊल पडत नाही. एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरतो. जर्मनीत मुक्काम सर्वांत जास्त म्हणून व्हिसा जर्मनीचाच हवा, तोही बरोबर घेतलाय.

पण मूळ पासपोर्ट दोघांच्याही खिशात हवा. फोनवरचा फोटो, झेरॉक्स, काही चालत नाही. ओरेसुंडची सामुद्रधुनी ओलांडल्यावर पहिलं स्वीडिश स्टेशन हिलिये, तिथे पोलीस डब्यात चढून तपासतात. कोपनहेगनला परत जाताना बहुधा कोणी विचारत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. हॅम्बुर्गच्या गाडीतही जर्मन हद्दीत असाच तपास होतो.

मुख्य स्टेशन ते माल्मो ४० मिनिटं. पैसे वेगळे: स्वीडिश क्रोना निराळा, डॅनिश क्रोन निराळा. नोटा बदलायच्या फंदात पडू नका, दोन्हीकडे कार्ड टेकवलं की झालं. दुकानदारानं यंत्रावर "रुपयांत घेऊ का" असा पर्याय दाखवला तर तिथलंच चलन निवडा, रुपये निवडले की भाव यंत्रवाला ठरवतो.

निळी_छत्री
धाग्याचा मूळ घोटाळा कोणी बोलतच नाहीये. शुक्रवार ते सोमवार हा आपला लाँग वीकेंडचा हिशोब झाला. कोपनहेगनला तो उलटा पडतो.
सोमवारी लुईझियाना (शहराच्या उत्तरेचं आधुनिक कलेचं संग्रहालय) बंद. ग्लिप्टोटेक बंद. राष्ट्रीय कलासंग्रहालय बंद. हिवाळ्यात हेल्सिंगोरचा क्रोनबोर्ग किल्लाही सोमवारी बंद. म्हणजे तिनांतला एक दिवस पाण्यात.
मंगळवारी या, शुक्रवारी जा. लुईझियाना मंगळ ते शुक्र रात्री १० पर्यंत उघडं असतं, शनि-रवि मात्र ६ ला मिटतं. नोव्हेंबरात सूर्य सव्वाचारला मावळतो, तेव्हा रात्री उघडं असलेलं चांगलं संग्रहालय म्हणजे चार-पाच तासांचा जादा दिवस. हॉटेलंही मधल्या वारी बहुतेक वेळा स्वस्त मिळतात. एखादं मोठं अधिवेशन शहरात असलं तर मात्र उलटं होतं.

पाचवा_मजला
+१. आणि तारीखही बघा. तिवोली परत नको म्हणताय म्हणून वाचलात, नाहीतर हॅलोवीनचा मोसम नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतो आणि नाताळचा मध्यावर सुरू होतो, मधले दिवस फाटक बंद. एवढ्यासाठी विमानाने आलेले लोक कुंपणाबाहेरून फोटो काढताना दिसतात.
पण माझं ऐकाल तर दोन आठवडे पुढे ढकला. तिवोली २०१५ ला उन्हाळ्यात पाहिलं असेल तर नाताळातलं वेगळंच आहे. त्यातला लाकडी रोलर कोस्टर १९१४ चा आहे, गाडीवर ब्रेक मारणारा माणूस बसलेला असतो. प्रवेशाचं तिकीट आणि पाळण्यांचं तिकीट वेगळं, हे विसरू नका. नुसतं फिरायचं असेल तर पहिलं पुरे.

गुगली
पुढे ढकललं तर दिवस अजून लहान. २० नोव्हेंबरला चारच्या आधीच सूर्यास्त. मला पहिला आठवडाच बरा वाटतो, फक्त पहिला शुक्रवार टाळा. त्या दिवशी रात्री ८:५९ ला ट्युबोर्गची नाताळची बिअर बाजारात येते. त्याला तिकडे J-dag म्हणतात. निळ्या टोप्या, मोफत बाटल्या, बारच्या बाहेर रांगा, रात्री मेट्रोत उभं राहायला जागा नसते. ज्यांना हे हवं त्यांनी मुद्दाम शुक्रवारच धरावा. :)

चहाबाज
८:५९ का? नऊ का नाही?

गुगली
नऊ म्हटलं असतं तर तुम्ही लक्षात ठेवलं असतं का?

मेतकूट
शाकाहाराबद्दल सविस्तर, कारण तिकडे "व्हेज" म्हटल्यावर मासा येण्याचे प्रकार होतात.

स्मॉरब्रॉ हा दुपारचा प्रकार आहे, जुन्या धाटणीच्या जागा तीन-चारला बंद होतात. काळ्या राईच्या पावावर थर लावलेले असतात. शाकाहारींसाठी दोन भरवशाचे: बटाट्याचा आणि अंड्याचा. बटाट्यावर वरून बेकनचे कुरकुरीत तुकडे पेरायची पद्धत आहे, म्हणून मागतानाच "उदेन बेकन" (बेकनशिवाय) म्हणा. अंड्यावर बहुधा कोळंबी असते, तीही काढायला सांगा. तपकिरी मऊ लेप दिसला तर तो चॉकलेटचा नाही, लिव्हरपोस्टाय म्हणजे डुकराच्या काळजाचा आहे. नाश्त्याच्या टेबलावर तो जॅमशेजारीच ठेवलेला असतो.

दुकानातल्या पाकिटावर वाचायचे शब्द: ओक्से गाय-बैल, स्वीन आणि फ्लेस्क डुक्कर, क्यूलिंग कोंबडी, एग अंडं, लोबे म्हणजे चीजमधलं रेनेट, दूध साकळवायचा बहुधा प्राणिज पदार्थ. जिलेटिन बहुतेक गोळ्यांत असतं.
दालचिनीचे आणि वेलदोड्याचे पाव निर्धास्त खा. वेलदोडा स्कँडिनेव्हियन लोक आपल्याइतकाच वापरतात, फक्त चहात घालत नाहीत. नोव्हेंबरपासून एबलस्किवर मिळतात: हुबेहूब आपले आप्पे, गोड, जॅम आणि पिठीसाखरेबरोबर. तवाही तसाच खळग्यांचा.

आजोळ
फराळाचं नेता येतं का? मुलीकडे जायचं म्हणजे डबे आलेच.

मेतकूट
चिवडा, चकली, शंकरपाळी, मसाले, भाजणी, मेतकूट, सगळं ठीक. दूध आणि मांस व त्यांचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर नाही. फळं-भाज्यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. अपवाद पाच फळांचा: केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन. कढीपत्ता अपवादात नाही. थोडक्यात नारळ नेता येतो, आंबा नाही.
आणि छोटा ॲल्युमिनियमचा कुकर नेणार असाल तर थांबा, भाड्याच्या घरांत शेगडी बहुधा इंडक्शनची असते. तळ लोहचुंबकाला चिकटला तरच भांडं तापतं.

सायकल_पंक्चर
सायकल भाड्याने घेणार असाल तर. नोव्हेंबरात पाला ओला असतो, वळणावर घसरतं. सव्वाचारनंतर पुढे पांढरा, मागे लाल दिवा सक्तीचा.
नियम: थांबताना तळहात खांद्याच्या उंचीवर वर. उजवीकडे वळताना उजवा हात बाहेर. डावीकडे वळताना चौकात मधून कापायचं नाही. आधी सरळ पलीकडे जायचं, तिथे थांबायचं, मग त्या बाजूचा सिग्नल हिरवा झाला की डावीकडे. परदेशी लोक नेमके इथेच अडकतात आणि मागून घंटांचा पाऊस पडतो. पदपथावर चालवायची नाही. बसमधले लोक थेट सायकलपट्टीवर उतरत असतील तर सायकलने थांबायचं, मध्ये फलाट बांधलेला असेल तर चालणाऱ्याने थांबायचं.
एस-टोगमध्ये (तिकडची लोकल) सायकल फुकट. मेट्रोत तिकीट लागतं आणि कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी नेताच येत नाही.

निळी_छत्री
वारं. ते कोणी लिहीत नाही. छत्री दोन मिनिटांत उलटी होते. माझं नाव बघून हसू नका, रेनकोटच न्या.

घाटावरचा
प्रश्न २, पास की कार्ड.
२०१५ नंतरचा मोठा बदल मेट्रोचा. तेव्हा दोनच मार्ग होते. २९ सप्टेंबर २०१९ ला १७ स्टेशनांचं वर्तुळ सुरू झालं, एम३. मग २०२० ला एम४, आणि जून २०२४ ला तो दक्षिणेकडे सूदहाउनपर्यंत वाढला. चालक नाही, चोवीस तास चालू. मुख्य रेल्वे स्टेशनलाही आता मेट्रो आहे. जुना नकाशा डोक्यात असेल तर पुसून टाका.
स्टेशनात फाटकं नाहीत, म्हणून तिकीट तपासत नाहीत असं समजू नका. चढण्याआधी तिकीट हवं, आत तपासनीस येतात, आणि "विकत घेतच होतो" ऐकत नाहीत. निळं प्लास्टिकचं रेजसेकोर्ट (प्रवासाचं कार्ड) घरात पडलं असेल तर त्याच्या भरवशावर जाऊ नका, ते फोनवर हलवत आहेत.
शहरात फिरायला सिटी पास स्मॉल, झोन १ ते ४, २४ तासांपासून १२० तासांपर्यंत. विमानतळ त्यात येतो. बस, मेट्रो, एस-टोग आणि बंदरातली पिवळी बोट, सगळं त्यात.

पाचवा_मजला
पिवळ्या बोटीला +१००. ९९१ आणि ९९२ नंबरच्या बस आहेत त्या, फक्त पाण्यातून धावतात, विजेवर. पर्यटक बोटीचे पैसे वाचतात. मात्र ख्रिश्चन्सहाउनच्या आतल्या कालव्यांत त्या शिरत नाहीत, मुख्य बंदरातूनच जातात. वाटेत बोर्सन, म्हणजे जुन्या शेअर बाजाराची इमारत, दिसेल. १६ एप्रिल २०२४ च्या आगीत चार ड्रॅगनच्या शेपट्यांचा पीळ असलेला त्याचा मनोरा कोसळला. २०१५ चा फोटो असेल तर जपून ठेवा.

गुगली
मी कोपनहेगन कार्डच्या बाजूने. शमीताईंनी उत्तरेचा दिवस केला तर हेल्सिंगोरपर्यंतची रेल्वे, क्रोनबोर्गचा प्रवेश, लुईझियानाचा प्रवेश, तिन्ही त्यात येतात.

घाटावरचा
त्या एका दिवसापुरतं मान्य. ७२ तासांचं घेतलं तर उरलेले दोन दिवस "पैसे भरलेत" म्हणून चार-चार संग्रहालयं पळत करावी लागतात. मोजायची रीत सोपी: दिवसाला तीन मोठी प्रवेश तिकिटं होत असतील तर कार्ड, नाहीतर पास. २४ तासांचं कार्ड उत्तरेच्या दिवसाला आणि बाकीला सिटी पास, हे जमतं. दोन्ही तासांवर मोजतात, तारखेवर नाही. सकाळी ११ ला सुरू केलं तर दुसऱ्या दिवशी ११ पर्यंत. माल्मो मात्र दोन्हींत नाही, त्याचं तिकीट वेगळं.

निळी_छत्री
उत्तरेच्या दिवसाचा क्रम महत्त्वाचा. बहुतेक लोक लुईझियाना वाटेत लागतं म्हणून आधी उतरतात आणि क्रोनबोर्गला पोचतात तेव्हा दार बंद. हिवाळ्यात किल्ला ४ ला मिटतो.
आधी थेट हेल्सिंगोर, पाऊण तास. स्टेशनाबाहेर पडलं की किल्ला समोर दिसतो, चालत पंधरा मिनिटं. तळघरात होल्गर डान्स्के हा झोपलेला योद्धा बसवला आहे, तिथे फरशी ओबडधोबड आणि उजेड फार कमी, फोनचा टॉर्च लागतो. मग परतीच्या गाडीने हुम्लेबेक, दहा-बारा मिनिटं चालत लुईझियाना. बागेतले पुतळे आणि पलीकडचा समुद्र सव्वाचारच्या आत बघून घ्या, आतलं सगळं नंतर. जेवण तिथेच.
किनाऱ्याच्या या लोहमार्गावर दुरुस्तीचं काम वरचेवर निघतं आणि गाडीऐवजी बस लावतात. आदल्या रात्री रेजसेप्लानेन ॲपवर बघा, "टोगबुस" दिसलं तर अर्धा-पाऊण तास जादा धरा.

स्कोनेकर
मग माल्मो कुठे बसणार? तीन रात्रींत उत्तर आणि माल्मो दोन्ही केलं तर कोपनहेगनसाठी काही उरत नाही. स्कोनेत (माल्मोच्या प्रांतात) राहून सांगतोय, माल्मो सोडा. पूल बघायचा मोह असतो, पण गाडी पुलाच्या खालच्या मजल्यावरून धावते, खांबांच्या जाळीतून समुद्राचे तुकडे दिसतात. त्यातही डेन्मार्कच्या बाजूचे ४ किमी बोगद्यात, कारण उंच मनोरे कास्ट्रुप विमानतळाच्या विमानांच्या वाटेत आले असते.

आजोळ
स्वतःच्या गावाला जाऊ नका म्हणणारा पहिला माणूस पाहिला.

स्कोनेकर
मेमध्ये या, मीच बोलावतो.

पाचवा_मजला
माल्मोऐवजी शहरातलाच दिवस, फुकटातला. आसिस्टेन्स स्मशानभूमी: परीकथावाले अँडरसन, तत्त्वज्ञ किर्केगार्ड आणि शास्त्रज्ञ नील्स बोर यांच्या कबरी एकाच बागेत. मेट्रो नोरेब्रोस रुंडेल. तिथल्या रस्त्यावर फलाफल भरपूर, शाकाहारींचं दुपारचं जेवण तिथेच उरकतं.
मग ग्रुन्टविग चर्च: एमड्रुप एस-टोगवरून चालत. १९४० मध्ये पुरं झालं, आतबाहेर नुसत्या पिवळ्या विटा, रंग नाही, चित्र नाही. उजेड असताना गेलात तरच विटांची मजा, म्हणून हे आधी आणि स्मशान नंतर केलं तरी चालेल.
शेवटी कार्ल्सबर्गचं हत्तींचं दार, १९०१ चं. चार दगडी हत्ती पाठीवर मनोरा पेलून उभे आणि अंगावर स्वस्तिक. नाझींच्या आधीपासून ते कार्ल्सबर्गचं चिन्ह होतं. आपल्या लोकांना तिथे थबकायला होतंच. मेट्रो एंगहाव प्लाड्स.

चहाबाज
अवांतर: पवईवाल्या लार्सन आणि टुब्रोमधले लार्सन आणि टुब्रो दोघंही डॅनिश. १९३८ ला मुंबईत कंपनी काढली. कोपनहेगनमध्ये कोणाला सांगितलं तर त्यांनाच माहीत नसतं.

गुगली
आणि आमागरला "आमा" म्हणतात, मधला ग गिळतात. स्टेशनचं नाव विचारताना लिहून दाखवा, बोलू नका.

शमी
सगळ्यांचे आभार. तारखा बदलल्या. मंगळवारी दुपारी पोचणार, शुक्रवारी सकाळी परत, म्हणजे ती बिअरही टळली. बुधवार क्रोनबोर्ग आणि लुईझियाना, २४ तासांचं कार्ड. गुरुवार ग्रुन्टविग, स्मशानभूमी, हत्ती, सिटी पासवर. माल्मो रद्द. राहायचं मुख्य स्टेशनजवळ की नोरेपोर्टजवळ? आणि नोटेचं खरंच काही होत नाही?

घाटावरचा
हॅम्बुर्गची गाडी मुख्य स्टेशनलाच येते-जाते आणि हेल्सिंगोरची गाडीही तिथून सुटते. शुक्रवारी सकाळी सामान ओढायचं असेल तर तेच बरं. मागच्या दाराने इस्टेगाडे लागतो, तो रात्री जरा गजबजलेला असतो; स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला शांत. नोरेपोर्ट खाण्यापिण्याला चांगलं, टोर्वेहालर्नेचा बाजार शेजारीच.
खोलीत केटल असेलच असं नाही, विचारून घ्या. डबल बेडवर दोन वेगळ्या एकेरी दुलया असतील, चूक म्हणून तक्रार करू नका, तिकडची तीच पद्धत आहे.

आजोळ
वीस वर्षांच्या संसारानंतर ही पद्धत आपणही घ्यायला हरकत नाही.

निळी_छत्री
नोटेचं होतं. तिच्या मागच्या बाजूला सूर्यरथ छापला आहे, चाकांवरचा घोडा आणि सोन्याची तबकडी. १९०२ ला शेतात नांगराला लागलेला, कांस्ययुगातला. तो खरा रथ राष्ट्रीय संग्रहालयात आहे, मुख्य स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटं. मंगळवारची दुपार रिकामी दिसतेय. नोट घेऊन जा आणि शेजारी धरून बघा.

घाटावरचा
आणि पुढच्या बाजूला ग्रेट बेल्ट सामुद्रधुनीवरचा झुलता पूल आहे. शुक्रवारी परतताना गाडी तिथूनच जाईल, पण त्या पुलावरून नाही. रेल्वे पूर्वेच्या भागात समुद्राखालच्या ८ किमी बोगद्यात शिरते, वर झुलत्या पुलावरून फक्त मोटारी. बोगद्यातून बाहेर आलात की लगेच मागे वळून बघा, मनोरे दिसतात. पुढे रेंड्सबुर्गला जागे राहा. स्टेशन सोडल्यावर गाडी गावाभोवती पूर्ण गिरकी घेत वर चढते आणि कील कालव्यावरचा १९१३ चा उंच पूल ओलांडते, आणि आपण आत्ता कुठून आलो ते खिडकीतून दिसतं.